पाहिले, ऐकले, वाटले

“फुटला! पेपर फुटला! देवापुढे नारळ फुटावा तसा फुटला! बंद करा ही परीक्षा!”

शाळेच्या आवारात उभे राहून धोंडोपंत वकील ओरडत होते. नाना, तो आवाज तू तिकडेही विसरला नसशील. त्या आवाजानं खाडीपलीकडे भाट्याच्या माडांचे नारळ गळून पडले, असं मी पुढे दहा वर्षं लोकांना सांगत आलो. पडले नसतील. मांडवीला वाळत घातलेल्या सुकटीवरचे कावळे मात्र उडाले. तेही मी पाहिलेलं नाही. असो. आज तुझ्याशी बोलायचं तर जपून बोललं पाहिजे. परवा तुझं तेरावं झालं. आता “आकडा दे” म्हणून मला मध्येच अडवणारं कोणी उरलं नाही, म्हणूनच जरा धाक वाटतो.

मॅट्रिकची परीक्षा युनिव्हर्सिटी घेई, आणि आपल्या रत्नागिरीला तिचं केंद्र नुकतंच मिळालं होतं. त्याआधी आपली मुलं बोटीत बसून मुंबईला जात आणि परक्या गावात परीक्षा देत. निम्मी मुलं जयगडच्या आसपासच सगळी भूमिती ओकून टाकत आणि उरलेल्या बीजगणितावर पास होत, असं माझं म्हणणं. तू ते कधी मान्य केलं नाहीस. पण केंद्रासाठी पाच वर्षं अर्ज करणारा तूच. हेडमास्तर तू, केंद्राचा प्रमुख तू. मी तुझा शाळासोबती, एका बाकावर बसून तुझी पाटी पुसणारा, आणि नंतर तुझ्याच शाळेतला ड्रॉइंग मास्तर. केंद्र मिळालं तेव्हाच वरून कोणीतरी तुला लिहिलं होतं, की कोकणातल्या केंद्राबद्दल एक जरी गडबड कानावर आली तरी मुलं पुन्हा बोटीत बसतील. ते पत्र तू खिशात घेऊन हिंडायचास. धोब्याकडे कोट जायचा, पत्र जायचं नाही.

तर दहा वाजले होते. अकराला गणिताचा पेपर. चिपळूण, अंजनवेल, नाटे अशा गावांहून आलेली शंभरावर मुलं आंब्याखाली उभी होती. कोणी गाडीनं आलेला, कोणी होडीनं, कोणी दोन दिवस चालून. आणि वकील ओरडत होते, की ताबडतोब तार करा, उत्तर येईपर्यंत पेपर देऊ नका. तारेचं उत्तर यायला दोन दिवस. दोन दिवसांत केंद्र गेलंच असतं. केंद्र गेलं की मुलांचं वर्ष गेलं.

मी तुझ्या कानाशी लागलो. “नाना, ह्याला आधी गप्प कर. शिंच्याचा स्वतःचा मुलगा गणितात कच्चा आहे, म्हणून बोंबलतोय.”

तू माझ्याकडे पाहिलंसच नाही. वकिलांपुढे जाऊन उभा राहिलास. “वकीलसाहेब, आत या. पाणी घ्या. आणि लिहून द्या.”

“लिहून काय द्यायचं? मी सांगतोय ना! सगळं गाव ऐकतंय!”

“गावानं ऐकलं. युनिव्हर्सिटीला इथून ऐकू जायचं नाही.”

(गेलं असतं. पण ते राहू दे.)

तुझी ती पद्धत, नाना! आम्ही पाठीमागे तिची किती टवाळी केली. कोणीही तक्रार घेऊन आला की तू उठून उभा राहायचास, त्याला स्वतःच्या खुर्चीवर बसवायचास, आणि एक कोरा कागद घेऊन त्याला दोन घड्या घालायचास. कागदाचे तीन रकाने व्हायचे. वर तुझ्या त्या सुबक अक्षरात लिहायचास : पाहिले. ऐकले. वाटले. मग दौत पुढे सरकवायचास. पोरांची भांडणं, मास्तरांची भांडणं, विहिरीवरच्या रहाटाबद्दल शेजाऱ्यांची भांडणं, सगळी ह्या तीन रकान्यांतून जायची. आणि ज्याची तक्रार त्यानंच लिहायची, तू एक अक्षर लिहून देणार नाहीस. संध्याकाळी दिवेलागणीच्या आत निकाल. “तक्रार शिळी झाली की तिला वास येतो, माशासारखा,” असं मी एकदा तुझ्या तोंडी घालून सांगितलं. तू म्हणालास, “मी मासे खात नाही. मला ठाऊक नाही.”

वकिलांनी लिहिलं. पाहिलेच्या रकान्यात चार ओळी, ऐकलेच्या रकान्यात पाच, आणि वाटलेच्या रकान्यात जागा पुरेना म्हणून त्यांनी मागचं पान घेतलं, मग पुरवणी मागितली. काय झालं होतं ते तुला ठाऊक, पण हे वाचणाऱ्याला सांगायला हवं.

प्रश्नपत्रिकांचं पुडकं कचेरीच्या खजिन्यात असे. रोज सकाळी एक मास्तर आणि एक शिपाई अशा दोघांनी ते सही करून घ्यायचं आणि सरळ शाळेत आणायचं. कुठे थांबायचं नाही, कोणाशी बोलायचं नाही. त्या दिवशी शिपाई होता रामा. रामा घंटेचा शिपाई. पंचवीस वर्षं त्यानं घंटा दिली, पण घड्याळात बरोबर अकरा दिसत असले तरी “नाना, देवू का?” असं विचारल्याशिवाय कधी टोल दिला नाही. मास्तर होतो मी.

आणि वकील सकाळी देवदर्शनाला गेले तर त्यांना काय दिसलं? युनिव्हर्सिटीचं पुडकं देवाच्या पायरीवर! त्यावर तांदूळ, त्यावर फूल, समोर गुरव, आणि रामा हात जोडून गाऱ्हाणं घालतोय. “बा देवा म्हाराजा! आज ह्यो समद्या पोरांचा पेपर तुज्या पायाशी ठिवलाय. कोन नाट्याचा, कोन चिपळुनाचा, कोन बापाविना आलाय, कोन आयशीचा दागिना गहान ठिवून आलाय. समद्यांचा हात धावता ठेव म्हाराजा! ज्येला येत न्हाय त्येला येवू दे, ज्येला येतंय त्येला इसर पडू देव नको!” आणि जमलेली चार माणसं गाऱ्हाण्याच्या रिवाजाप्रमाणे दर वाक्याला “व्हय म्हाराजा!” म्हणताहेत. मग गुरवानं नारळ फोडला, पाणी पुडक्यावर शिंपडलं आणि फुटलेल्या नारळाची अर्धी कवड पुडक्यावरच पालथी ठेवली. लाखेचा शिक्का तडकला.

ही चूक जगात दुसरीकडे कुठे झाली नसती. पुण्यात शिपायानं पुडकं विकलं असतं. मुंबईत विसरला असता. देवाला दाखवून मग शाळेत आणावं, तेही सगळ्या पोरांसाठी सारखंच मागावं, हे फक्त इथलं माणूस करणार.

तू वकिलांचा कागद वाचलास.

“शिक्का तडकताना पाहिलात?”

“कडकन आवाज झाला.”

“मग तो दुसऱ्या रकान्यात घ्या. पुडकं कोणी उघडलेलं पाहिलंत?”

“उघडलंच असणार!”

“तिसऱ्या.”

“अहो नाना, डोळ्यांदेखत—”

“डोळ्यांदेखत असेल तर पहिल्या. उघडलं?”

वकिलांनी उपरण्यानं मान पुसली. “नाही.”

“बरं. गाऱ्हाणं चाललं तेव्हा आपण काय केलंत?”

“मी? मी काय करणार? उभा होतो.”

“नुसते उभे?”

वकिलांनी समोरची दौत उगीच सरकवली. मग हळूच म्हणाले, “सवयीनं... तोंडातून निघून गेलं.”

“काय?”

“व्हय म्हाराजा.”

तुम्हा दोघांखेरीज खोलीत सहा जण होते. पाच जणांनी हसू गिळलं, सहावा मी, मला खोकला आला. तू हसला नाहीस. तू गंभीरपणे म्हणालास, “तेही लिहा. पाहिलेच्या रकान्यात नको, खाली टीप म्हणून.” आणि त्या माणसानं ते लिहिलं, रे! कोर्टात पुराव्याच्या कायद्याचे लचके तोडणारा माणूस, पण त्या तीन रकान्यांपुढे शाळकरी पोरासारखा झाला. मी हे पुढे सांगताना त्यांना रडायला लावत असे. रडले नव्हते ते. उलट जरा शांत झाले होते. आपलं ऐकलं गेलं की माणूस निम्मा शांत होतो.

मग तू पुडकं टेबलावर ठेवलंस. वकिलांना समोर उभं केलंस, दोन जुन्या मास्तरांना बाजूला, आणि बाहेरच्या मुलांतून दोघांना आत बोलावलंस. त्यातला एक वकिलांचा मुलगा. वरचा शिक्का तडकलेला सगळ्यांना दाखवलास. वरचं कापड कापलंस. आत खोलीखोलीचे वेगळे लखोटे, प्रत्येकावर वेगळा शिक्का. एकेक उचलून वकिलांच्या हातात दिलास. “फिरवून पाहा.” सगळे शाबूत. एकाच्या कोपऱ्याला नारळाचं पाणी लागलेलं, तो ओला कोपरासुद्धा तू लिहून घेतलास. वकिलांनी वास घेतला आणि म्हणाले, “शहाळं नव्हे, चांगला जून नारळ आहे.” वकिलांची सही झाली, मास्तरांची झाली, मुलांची झाली. रामा दाराशी उभा. घड्याळात अकराला एक मिनिट. “नाना,” तो म्हणाला, “देवू का?”

“दे.”

घंटा झाली. मुलं आत गेली. तासाभरात तू एक केंद्र वाचवलंस, नाना. त्या मुलांतले दोन आज डॉक्टर आहेत, एक मामलेदार. एक नाट्याला मचवे बांधतो आणि गणितात नापास झाल्याचं अभिमानानं सांगतो. मी ह्या गोष्टीत सातशे मुलं घालत असे. तेवढी नव्हती. पण होती तेवढी पुष्कळ होती.

गोष्ट इथे संपवता आली असती. मी दहा वर्षं इथेच संपवत आलो. लोक हसायचे, टाळ्या द्यायचे. पुढचं मी कोणाला सांगितलं नाही.

बारा वाजता मुलं आत लिहीत होती आणि तू मला आणि रामाला खोलीत बोलावलंस. दोन कागद, तीन-तीन रकाने. रामाला लिहिता येत नव्हतं, त्यानं सांगितलं आणि जुन्या मास्तरांनी उतरवून घेतलं. “म्या आपल्या मनानं देवळात गेलो. मास्तरांचा काय संबंद न्हाय.” एवढंच. तो तुझ्याकडे पाहत नव्हता, माझ्याकडेही नाही, टेबलाच्या पायाकडे पाहत होता.

मी लिहिलं. कचेरीतून निघाल्यावर माझ्या पोटात एकाएकी कळ आली, मी रामाला सरळ शाळेत जायला बजावलं आणि घरी गेलो, असं. पाहिलेच्या रकान्यात काहीच नाही, ऐकलेच्या रकान्यात काहीच नाही. वाटलेच्या रकान्यात पोटदुखीचं असं वर्णन, की एखादा वैद्य ते वाचून स्वतः आडवा झाला असता. हात सैल सुटला माझा. तीन उपमा घातल्या.

तू वाचलंस. कागद परत माझ्यापुढे ठेवलास. “आणखी काही लिहायचंय?”

“नाही.”

“वेळ आहे. पेपर सुटायला अजून दोन तास आहेत.”

“नाही म्हटलं ना.”

तू थांबलास. त्या खोलीत तू किती वेळ थांबलास हे मी कधीही वाढवून सांगणार नाही, कारण वाढवायची गरज नाही. मग तू टाक उचललास आणि माझ्या म्हणण्याखाली एक ओळ लिहिलीस : हे म्हणणे मला पटलेले नाही. खाली तुझी सही.

दुपारी मी तुझ्या खोलीत येऊन थयथयाट केला. “नाना, मिटलं ना सगळं? वकील गप्प, लखोटे शाबूत, मुलं घरी गेली. आता वर कशाला कळवतोस? कोण विचारतंय?”

“कोणी विचारायच्या आत कळवायचं.”

“केंद्र जाईल!”

“कळवलं तर कदाचित जाईल. न कळवता दुसऱ्यानं कळवलं तर नक्की जाईल. आणि गेलं नाही तरी ते आपलं राहणार नाही.”

“आणि माझ्याबद्दल काय लिहिलंस? तीस वर्षांचा दोस्त मी! तुझ्या मुंजीत तुझ्या ताटातलं जेवलेला! एका शिपायाच्या म्हणण्यावर—”

“रामाचं म्हणणंही मला पटलेलं नाही,” तू म्हणालास. “तेही लिहिलंय.”

“मग तुला पटतं तरी काय?”

“मिटवणं वेगळं आणि झाकणं वेगळं, एवढं पटतं. टपाल निघतंय, मला जाऊ दे.” आणि तू स्वतः टपालात टाकायला गेलास, त्या उन्हात, डोक्याला टोपी न घालता. पहिलं नाव तू तुझंच घातलं होतंस : केंद्रप्रमुख या नात्याने पुडक्याच्या बंदोबस्ताची जबाबदारी माझी. हे मला नंतर कळलं.

उत्तर आलं. परीक्षा ग्राह्य, केंद्र कायम. तुला ‘यापुढे दक्षता घ्यावी’. मला युनिव्हर्सिटीच्या परीक्षेच्या कामातून कायमचं वगळलेलं. रामाला ताकीद, नोकरीच्या पुस्तकात लाल शाईनं. दोन वर्षांनी शाळेत मुख्य शिपायाची जागा निघाली. रामाची पाळी होती. लाल शाई पाहून ती दुसऱ्याला गेली.

आपण चौदा महिने बोललो नाही. एकाच खोलीत, तीन हातांवर बसून. “रामा, नानांना सांग, खडू संपले.” “रामा, मास्तरांना सांग, कपाटात आहेत.” आणि तो बिचारा मधोमध उभा राहून आपलं दोघांचं बोलणं इकडून तिकडे नेत होता, जशी काही आपल्यामध्ये वाशिष्ठी नदी आहे आणि तो एकटाच तरीवरचा नावाडी. आपल्या दोघांच्या भांडणाचं कारण त्याच्या पुस्तकात लाल शाईनं लिहिलेलं, आणि निरोप तोच पोचवायचा. मला तेव्हा ते विनोदी वाटायचं. मी त्याच्या गोष्टीही सांगायचो.

माझी आई गेली तेव्हा पहिला तू आलास. काही बोलला नाहीस. लाकडं आणवलीस, भटजी आणलास, भाच्यांना जेवायला तुझ्या घरी नेलंस. तिसऱ्या दिवशी मी म्हणालो, “नाना, चहा घे.” तू म्हणालास, “साखर कमी घाल.” झालं. पुन्हा दोस्ती. पुन्हा मांडवीला रोजचं फिरणं. सगळं बोललो आपण त्या धक्क्यावर, तुझा दमा, माझे कर्जबाजारी मेहुणे, कोणाची मुलगी कुठे द्यायची, हापूस मोठा की पायरी. त्या दिवसाचं मात्र नाही.

एकदाच जीभ वळवळली. तुझी तब्येत उतरायला लागली होती. धक्क्याच्या टोकाशी मी म्हणालो, “नाना, त्या पेपराच्या दिवशी...” तू चालता चालता थांबलास. काठी रोवलीस. माझ्याकडे वळलास आणि वाट पाहत राहिलास. आणि मी काय केलं? मी म्हणालो, “त्या पेपराच्या दिवशी म्हणे नाट्याच्या किनाऱ्याला देवमासा लागला होता. एवढा, की त्याच्या तोंडात बैलगाडी उभी करून बैलांना वैरण घालत होते.” देवमाशाची सगळी गोष्ट मी तुला सांगितली, त्याच्या पोटातल्या तांब्या-पितळेच्या भांड्यांसकट. तू शेवटपर्यंत ऐकलीस. “शेपूट केवढं होतं?” विचारलंस. मी म्हणालो, “आपल्या शाळेएवढं.” तू मान हलवलीस आणि आपण परत फिरलो.

ती शेवटची संधी होती, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं असं म्हणू का? ठाऊक होतं.

आता लिहितो. कागदाला दोन घड्या घातल्या आहेत.

पाहिले : कचेरीच्या कोपऱ्यावर चहाचं दुकान. तिथे मुलांबरोबर आलेले बाप बसलेले, चिपळूणचे, नाट्याचे, सगळे नवे, माझी एकही गोष्ट न ऐकलेले. असे ताजे श्रोते मला वर्षानुवर्षं मिळाले नव्हते. माझ्या पोटात कळबिळ काही आली नाही. मीच रामाला म्हणालो, “तू देवळावरून जा. पोरांसाठी गाऱ्हाणं घाल. हा नारळ घे, माझ्या घरचा आहे. मी मागून आलोच.” म्हटलं, गाऱ्हाणं लांबतं, अर्धा तास मिळेल. रामा म्हणाला, “मास्तर, नाना रागावतील.” मी म्हणालो, “नानांना मी सांगतो.”

ऐकले : शाळेत पोचल्यावर वकिलांचा आवाज.

वाटले : हे मी त्या दिवशी लिहायला हवं होतं. तुला सगळं माहीत होतं, नाना. वकिलांच्या कागदावरचा दुसरा रकाना तू मोठ्यानं वाचला नाहीस, पण मी त्यांच्या खांद्यावरून तो वाचला होता. गाऱ्हाण्यात नारळ कोणाचा ते देवाला सांगावंच लागतं, नाहीतर देव तो कोणाच्या नावावर घेणार? वकिलांनी ऐकलेलं जसंच्या तसं लिहिलं होतं : मास्तरांनी दिलेला नारळ मान्य करून घे. शाळेत मास्तर अकरा. नाव नव्हतं. आणि ऐकलेल्या गोष्टीवर कोणाचं नाव घालायचं नाही, हा तुझा नियम. म्हणून तू मला दोनदा विचारलंस. मी माझं नाव घातलं असतं, तर रामाच्या पुस्तकातली लाल शाई माझ्या पुस्तकात गेली असती, आणि मला तिनं काय केलं असतं? मला थोडीच मुख्य शिपाई व्हायचं होतं. मी तिच्यावरही एक गोष्ट रचली असती.

आपला वाद, नाना, मी आज सोडून देतो असं नाही. त्या ओळीवरून मी अजून भांडणार आहे. ‘पटलेले नाही’ असं लिहून तू मला चौदा महिने आणि त्यावर आठ वर्षं टांगून ठेवलंस. सरळ ‘खोटे’ लिहिलं असतंस, तर मी चिडून खरं बोललो असतो. बाकी सगळ्या गावाच्या तक्रारी तू दिवेलागणीच्या आत निकालात काढल्यास. एवढी एकच तू राहू दिलीस. मी विचार करतो, हा तुझ्या हातून राहून गेलेला प्रमाद, का दुसरं काही? तुला विचारायला हवं होतं. तू जिवंत असतास तर मी विचारलं नसतंच, हेही खरं.

दर मार्चात मुलं आंब्याखाली उभी राहतात, केंद्र आहे. हे काल रात्री लिहिलेलं. तो कागद मी आज सकाळी घेतला आणि आधी शाळेत नाही, रामाकडे गेलो. कोसभर चाललो, ह्या गुडघ्यांनी, ह्यात काही वाढवलेलं नाही. तो आवाराचा गडगा रचत होता, एकेक जांभा दगड हातात फिरवून. पेन्शनीत आल्यापासून वाकलाय. मी गडग्यावर बसलो आणि त्याला सगळा कागद वाचून दाखवला, तिन्ही रकाने. म्हटलं, हा शाळेत देतो, तुझ्या पुस्तकातली शाई निघते का बघतो. तो दगड बसवत ऐकत होता. वाचून झालं तसा त्यानं पुढचा दगड उचलला. माझ्यानं राहवेना.

“अरे रामा, तू तरी त्या दिवशी का नाही बोललास? नानांनी तुला नंतर कधी एकट्याला विचारलं नाही?”

“इचारलं व्हतं की. त्याच सांजंला. म्या सांगितलं समदं.”

“मग? त्यांनी कळवलं का नाही? तू गप्प का राहिलास दहा वर्षं?”

रामानं दगड उलटा करून पाहिला, बसतो का ते.

“नाना म्हणाले, मास्तर सोता येवून सांगतील, थांब. थांबलो.”